कुलपावरचा विश्वास: वेबसाइटच्या सर्टिफिकेटची तीस वर्षं आणि माझा एक चुकलेला सल्ला



सिनॉप्सिसच्या शीर्षकात आपल्यापैकी बहुतेक जण एखादा मोठा शब्द घालतातच. जागरूकता, समाधान, परिणामकारकता, वगैरे. माझ्या शीर्षकात 'विश्वास' होता. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या ग्राहकाचा वेबसाइटवरचा विश्वास. पहिल्याच सादरीकरणात समितीतल्या एका सरांनी विचारलं, "विश्वास म्हणजे कुणाचा, कुणावर आणि नेमका कशाबद्दल?" मला नीट उत्तर देता आलं नाही. एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला शिकलेलं सगळं डोक्यात होतं, पण या तीन प्रश्नांचं उत्तर त्यात नव्हतं.

त्याच्या थोडं आधी घरातही असंच काहीसं झालं होतं. माझी आत्या चिपळूणला राहते. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आमसुलं, कोकम आगळ, फणसपोळी असं विकतात. त्यांनी छोटी वेबसाइट केली. होस्टिंगवाल्याच्या माणसाने फोन करून सांगितलं, की साधं सर्टिफिकेट घेतलंत तर ग्राहक विश्वास ठेवणार नाही. वर्षाला अठरा हजार रुपयांचं 'प्रीमियम' घ्या, त्यासोबत पानावर लावायला शिक्का मिळेल. आत्याने मला विचारलं, "अगं, तू कॉम्प्युटरचं शिकलीस ना? घेऊ का?" मी म्हणाले, "घे आत्या, सिक्युरिटीत काटकसर नको."

तो सल्ला चुकीचा होता. का चुकीचा होता, हे मला इतिहास वाचल्यावर कळलं. सर्टिफिकेट कोणाकडून घ्यावं, हा प्रश्न वरून तांत्रिक दिसतो, पण त्याच्या पोटात सरांचे तीन प्रश्न आहेत. म्हणून आज तो इतिहास तुमच्यासमोर मांडते.

आधी हे सर्टिफिकेट म्हणजे काय?

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक क्रांतिकारी कल्पना मांडली. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या असाव्यात, एक जगजाहीर आणि एक गुप्त. जगजाहीर किल्लीने कोणीही मजकूर बंद करू शकेल, पण तो उघडेल फक्त गुप्त किल्लीने. कल्पना उत्तम, पण एक अडचण लगेच समोर येते. ही किल्ली खरंच त्या दुकानाचीच आहे, मधल्या एखाद्या भामट्याची नाही, हे कसं कळायचं? डिफी आणि हेलमन यांनी टेलिफोन डिरेक्टरीसारखी एक सार्वजनिक यादी सुचवली होती. पण दर वेळी सगळ्यांनी एकाच यादीत पाहायचं म्हटलं, तर ती यादीच अडथळा होऊन बसते.

यावर उपाय आला १९७८ मध्ये, एमआयटीत, लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून. तो पीएचडीचा नव्हे, पदवीचा प्रबंध होता! मार्गदर्शक होते आरएसएमधल्या 'ए'चे मानकरी लेनर्ड एडलमन. कोनफेल्डरचं म्हणणं साधं होतं. यादीतली प्रत्येक नोंद सुटी करा, तिच्यावर विश्वासू संस्थेची डिजिटल सही घ्या आणि ती नोंद ज्याची त्यालाच देऊन टाका. समोरचा माणूस सही तपासेल, यादीकडे जायची गरज नाही. या सही केलेल्या नोंदीला त्याने नाव दिलं सर्टिफिकेट.

आपल्याला हे समजायला सोपं आहे. प्रवेशाच्या वेळी मार्कशीटची झेरॉक्स घेऊन राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का आणायला आपण किती खेटे घातलेत! तो शिक्का काय सांगतो? 'ही प्रत मूळ कागदाशी जुळते.' तुम्ही हुशार आहात, प्रामाणिक आहात किंवा फी वेळेवर भराल, यातलं काहीही तो सांगत नाही. वेबसाइटचं सर्टिफिकेटही एवढंच सांगतं, की ही किल्ली या नावाच्या साइटची आहे. फणसपोळी चांगली आहे का, किंवा पैसे घेऊन माल पाठवतील का, हा त्याचा विषयच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

बाजार सुरू झाला

११ ऑगस्ट १९९४ रोजी अमेरिकेत नेटमार्केट नावाच्या छोट्या कंपनीने इंटरनेटवरून गायक स्टिंगच्या एका अल्बमची सीडी विकली. किंमत १२.४८ डॉलर, शिवाय टपालखर्च. क्रेडिट कार्डाचा नंबर सांकेतिक रूपात पाठवला गेला होता. वेबवरची पहिली सुरक्षित खरेदी म्हणून या व्यवहाराचा बऱ्याचदा उल्लेख होतो. पण त्यासाठी ग्राहकाला आपल्या कॉम्प्युटरवर खास सॉफ्टवेअर बसवावं लागत होतं. सामान्य माणूस ही खटपट करणार नव्हता.

ही खटपट नेटस्केपने ब्राउझरच्या आत नेली. एसएसएल ही पद्धत तिथे तयार झाली. तिची पहिली आवृत्ती बाहेर आलीच नाही, दुसरी १९९५ मध्ये आली. कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ ताहेर एल्गमाल यांचं नाव एसएसएलशी कायमचं जोडलं गेलं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक छोटं चित्र सुरक्षित जोडणीची खूण म्हणून दिसू लागलं. हळूहळू कुलूप हीच सगळीकडची खूण झाली.

आता शिक्का मारणारा अधिकारी हवा होता. १९९५ मध्येच आरएसए कंपनीतून व्हेरिसाइन वेगळी निघाली आणि सर्टिफिकेट विकणं हाच तिचा धंदा झाला. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ मार्क शटलवर्थ या तरुणाने आईवडिलांच्या गॅरेजमधून थॉट नावाची कंपनी सुरू केली. १९९९ च्या डिसेंबरमध्ये व्हेरिसाइनने ती ५७.५ कोटी डॉलरला विकत घेतली. (हा शटलवर्थ म्हणजे पुढे अंतराळात जाऊन आलेला आणि उबुंटू सुरू करणारा.)

एवढ्या पैशाचं काय होतं त्या कंपनीत? किल्ल्यांचं गणित तर सगळ्यांना माहीत होतं. खरी संपत्ती होती ब्राउझरमधल्या यादीतली जागा. कोणाची सही खरी मानायची, त्याची यादी ब्राउझर आणि ऑपरेटिंग सिस्टिम आपल्यासोबत घेऊन येतात. तिला रूट स्टोअर म्हणतात. या यादीत नाव असेल तर तुमचं सर्टिफिकेट चालतं, नसेल तर ग्राहकाला मोठी धोक्याची सूचना दिसते. थोडक्यात, ग्राहकाच्या वतीने विश्वास कोणावर ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून ब्राउझर ठरवत होता. ग्राहकाला मात्र वाटत होतं की आपणच ठरवतोय.

इथे एक गोष्ट खास तुमच्यासाठी. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये बर्कलीच्या इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी नेटस्केपची सुरक्षा मोडून दाखवली. त्यांनी गणित मोडलं नाही. किल्ली बनवताना वापरलेला 'यादृच्छिक' आकडा घड्याळातली वेळ आणि प्रोग्रामचे क्रमांक यांवरून काढला जातो, म्हणजे त्याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांनी शोधलं. सगळे कुलपाकडे बघत असताना या दोघांनी किल्ली कशी घडवली जाते ते बघितलं. चांगला संशोधन प्रश्न असाच सापडतो.

स्वस्त शिक्का, महाग शिक्का

सुरुवातीला कंपनी खरी आहे का, तिची कागदपत्रं काय, हे माणसं तपासत. त्यात दिवस जात आणि पैसेही. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जिओट्रस्टने सोपा मार्ग काढला. डोमेन तुमच्या ताब्यात आहे एवढंच तपासायचं आणि काही मिनिटांत सर्टिफिकेट द्यायचं. धंदा इतका चालला की २००६ मध्ये व्हेरिसाइनने तीही कंपनी १२.५ कोटी डॉलरला घेतली.

भाव पडू लागले, तसा नवा महाग माल आला. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आणि ब्राउझर बनवणारे यांच्या संयुक्त मंचाने २००७ मध्ये 'एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन', म्हणजे ईव्ही सर्टिफिकेटचे नियम ठरवले. यात कंपनीची कायदेशीर नोंदणी, पत्ता, अर्ज करणाऱ्याचा अधिकार असं सगळं तपासायचं. बदल्यात ब्राउझरचा पत्त्याचा पट्टा हिरवा होणार आणि तिथे कंपनीचं नाव दिसणार. जाहिराती सांगू लागल्या, हिरवा पट्टा बघून ग्राहक निर्धास्त होईल.

एक गोष्ट या जाहिरातींत कधी ठळक नसायची. साध्या सर्टिफिकेटने आणि ईव्हीने होणारं एन्क्रिप्शन सारखंच असतं. जास्त पैसे दिले म्हणून कुलूप जास्त मजबूत होत नाही. फरक फक्त शिक्का मारण्याआधी किती कागद तपासले याचा.

ग्राहक नेमकं काय बघतो?

विकणारे म्हणत होते 'ग्राहक बघतो', पण खरंच बघतो का, हे तपासलं विद्यापीठांतल्या लोकांनी.

२००६ मध्ये रचना धमिजा, जे. डी. टायगर आणि मार्टी हर्स्ट यांनी २२ जणांना २० वेबसाइट दाखवल्या आणि खऱ्या-खोट्या ओळखायला सांगितल्या. सर्वांत चांगल्या बनावट साइटने ९० टक्के लोकांना फसवलं. २३ टक्के लोकांनी पत्त्याचा पट्टा, कुलूप यांच्याकडे पाहिलंच नाही. ते फक्त पानातला मजकूर बघत होते. २००७ मध्ये स्टुअर्ट शेक्टर आणि सहकाऱ्यांनी बँकेच्या खऱ्या ग्राहकांवर प्रयोग केला. त्यांनी सुरक्षित जोडणीच्या खुणाच काढून टाकल्या. तरीही पासवर्ड द्यायला एकाही ग्राहकाने नकार दिला नाही. त्याच वर्षी कॉलिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २७ जणांवर हिरव्या पट्ट्याची चाचणी घेतली. प्रशिक्षण न दिलेल्या लोकांना त्याचा काही उपयोग झाला नाही.

तुम्ही म्हणाल, २२ आणि २७ जण म्हणजे नमुना फारच लहान. बरोबर आहे, आणि ही शंका तुम्हाला यायलाच हवी. पण २०१९ मध्ये क्रोमच्या संशोधकांनी खऱ्या वापरातला मोठा डेटा तपासला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. हिरवी खूण काढली तरी लोकांच्या वागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. मधल्या काळात, २०१७ मध्ये, इयन कॅरोल या संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 'स्ट्राइप, इन्क' नावाची कंपनी रीतसर नोंदवली आणि तिच्या नावाने ईव्ही सर्टिफिकेट मिळवलं. प्रसिद्ध स्ट्राइप ही पैसे देण्याघेण्याची कंपनी दुसऱ्या राज्यात नोंदलेली. ब्राउझरच्या पट्ट्यात मात्र दोघांचं नाव अगदी सारखं! कंपनी नोंदवायला सुमारे १०० डॉलर लागले आणि सर्टिफिकेटला ७७. नियम एकही मोडला नव्हता. २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आधी क्रोमने आणि मग फायरफॉक्सने कंपनीचं नाव पट्ट्यातून काढून टाकलं.

आता कुलपाचं काय झालं ते बघा. २०२३ मध्ये क्रोमने कुलूपही काढलं आणि तिथे साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं. कारण त्यांच्याच अभ्यासात फक्त ११ टक्के लोकांना कुलपाचा अर्थ बरोबर सांगता आला होता. बाकीच्या अनेकांना कुलूप म्हणजे 'साइट विश्वासू' असं वाटत होतं. आणि भामट्यांनीही कुलूप लावलं होतंच. २०२० च्या अखेरीस फिशिंगविरोधी जागतिक गटाने नोंदवलेल्या फसव्या साइटपैकी पाचातल्या चारांहून अधिक साइटवर सर्टिफिकेट होतं.

हा आकडा वाचताना मला आत्याची आठवण झाली. अठरा हजारांचा शिक्का लागल्यावर चार महिन्यांनी नाशिकच्या एका बाईंचा तिला फोन आला होता, "पैसे भरले, माल आला नाही." त्यांनी भलत्याच साइटवर पैसे भरले होते. आत्याच्याच नावाला एक जादा अक्षर जोडलेली साइट, आत्याच्याच पानावरचे फोटो. आणि हो, तिथेही कुलूप होतं आणि शिक्क्याचं चित्रसुद्धा. चित्रच ते, कोणीही उचलून चिकटवू शकतं.

शिक्का मारणाराच घसरतो तेव्हा

आता 'कुणावर' या प्रश्नाकडे येऊ. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्याही चुकतात, आणि एकाची चूक सगळ्यांना भोवते. कारण यादीतली कोणतीही कंपनी कोणत्याही साइटच्या नावाने सर्टिफिकेट देऊ शकते. २००१ मध्ये खुद्द व्हेरिसाइनने मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टच्या नावाची दोन सर्टिफिकेट दिली होती.

सर्वांत गंभीर प्रकरण नेदरलँड्समधल्या डिजिनोटारचं. तिथल्या सरकारी कामांसाठीही तिची सर्टिफिकेट वापरली जात. २०११ च्या उन्हाळ्यात हल्लेखोर आत शिरला आणि त्याने पाचशेहून जास्त खोटी सर्टिफिकेट काढली. त्यातलं एक गूगलच्या सर्व साइटसाठी होतं. कंपनीला जुलैमध्ये घुसखोरी कळली, पण तिने ती जाहीर केली नाही. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका जीमेल वापरकर्त्याला क्रोमने इशारा दाखवला, त्याने तो जगासमोर मांडला आणि बिंग फुटलं. चौकशीत सुमारे तीन लाख आयपी पत्ते निघाले, जवळजवळ सगळे इराणमधले. ज्या राजवटीत ईमेल उघड होणं म्हणजे तुरुंगाची भीती, तिथल्या लोकांचा प्रश्न होता हा. ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढलं आणि २० सप्टेंबरला कंपनी दिवाळखोर ठरली.

आपल्याकडेही असं घडलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार आपल्याकडे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर नियंत्रक असतो. त्याच्या अखत्यारीत नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर, म्हणजे एनआयसी, सर्टिफिकेट देत असे. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या नावाची, आपण न मागितलेली सर्टिफिकेट आढळली. ती एनआयसीची निघाली. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची ती साखळी रद्द केली आणि सर्टिफिकेट देण्याच्या प्रक्रियेतच घुसखोरी झाल्याचं कळवलं. गूगलने मग भारतीय नियंत्रकाच्या मूळ सर्टिफिकेटला मर्यादा घातली. ते फक्त जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन अशा मोजक्या नावांपुरतं मानलं जाईल, असं ठरलं. आपल्या अनेक विद्यापीठांचे पत्ते एसी डॉट इन आहेत, म्हणजे हा इतिहास आपल्या दारापर्यंत आलेला आहे. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना मात्र या प्रकरणाची झळ लागली नाही, कारण त्याच्या स्वतःच्या यादीत हे मूळ सर्टिफिकेट नव्हतंच. यादी कोण ठेवतो यावर किती अवलंबून असतं बघा.

पहारा उघड्यावर आला

डिजिनोटारनंतर गूगलमधल्या बेन लॉरी, अ‍ॅडम लँग्ली आणि एमिलिया कॅस्पर यांनी एक व्यवस्था मांडली. २०१३ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत टाकायचं, जिथे नोंद फक्त वाढवता येते, खोडता येत नाही. माझ्या नावाने कोणी सर्टिफिकेट काढलं का, हे मग कोणालाही बघता येतं. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या सर्टिफिकेटसाठी क्रोमने ही नोंद सक्तीची केली.

या नोंदवह्यांनी एका मोठ्या नावाची परीक्षा घेतली. व्हेरिसाइनचा सर्टिफिकेटचा धंदा २०१० मध्ये सिमँटेकने १.२८ अब्ज डॉलरला घेतला होता आणि त्यावर आपल्या नॉर्टनचा शिक्का लावला होता. २०१३ मध्ये बेमार्ड इन्स्टिट्यूटने ऑनलाइन खरेदीदारांना विचारलं होतं, पैसे भरताना कोणता शिक्का बघून सर्वांत जास्त सुरक्षित वाटतं? पहिला आला नॉर्टन, सुमारे ३६ टक्के मतांनी. लोकांना तो अँटिव्हायरसमुळे ओळखीचा होता. आणि २०१७ मध्ये? अँड्र्यू एअर या संशोधकाने नोंदवह्या चाळून सिमँटेकची चुकीची सर्टिफिकेट दाखवून दिली. गूगलचं म्हणणं, अशी किमान ३०,००० सर्टिफिकेट दिली गेली. सिमँटेकचं म्हणणं, फक्त १२७. (दोन आकडे एवढे वेगळे दिसले की आधी विचारा, दोघं मोजतायत ती गोष्ट एकच आहे का?) शेवटी सिमँटेकने हा धंदा डिजिसर्टला विकला आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये क्रोमने सिमँटेकच्या जुन्या साखळीवरची सर्टिफिकेट मानणं पूर्ण थांबवलं.

माझ्या शोधकामातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग. खरेदीदारांनी ज्या शिक्क्याला सर्वाधिक पसंती दिली, त्याच्याच मालकाला ब्राउझरांनी पाच वर्षांत बाहेर काढलं. खरेदीदार ओळखीचं नाव मोजत होते आणि ब्राउझर कामाची नोंद तपासत होते. दोन्हीला आपण 'विश्वास' म्हणतो.

स्वस्त म्हणजे वाईट आणि महाग म्हणजे चांगलं, असंही नाही. फुकट सर्टिफिकेट देणारी स्टार्टकॉम आणि तिला गुपचूप विकत घेतलेली वोसाइन यांच्यावर २०१६ मध्ये ब्राउझरांनी बंदी आणली, कारण मालकी लपवणं आणि मागच्या तारखा टाकणं. २०२४ मध्ये जुनीजाणती एन्ट्रस्टही क्रोमच्या यादीतून उतरली. तिकडे लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना फुकट सर्टिफिकेट देते. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातले लोक त्यामागे होते. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिने शंभर कोटी सर्टिफिकेट दिली होती.

मग आपला ग्राहक कशावर विसंबला?

भारतात ऑनलाइन खरेदी वाढली तेव्हा हिरव्या पट्ट्याची चर्चा दुकानदारांत होती, ग्राहकांत फारशी नव्हती. आपल्याकडे दोन वेगळ्याच गोष्टींनी काम केलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी सक्तीची केली. आणि २०१० मध्ये फ्लिपकार्टने माल हातात पडल्यावर पैसे, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी, सुरू केलं. ग्राहकाची शंका होती 'माल येईल का', 'कार्डावरचे पैसे जातील का'. सर्टिफिकेट या शंकांचं उत्तर देण्यासाठी बनलेलंच नव्हतं. घरी पार्सल आलं की तुमचीही आई आधी खोका बघते आणि मगच पैसे काढते ना?

तर, कोणाकडून घ्यावं?

वर्षभराने नूतनीकरणाची वेळ आली आणि आत्याने पुन्हा विचारलं. या वेळी मी आधी माझी चूक कबूल केली आणि मग चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, देणाऱ्याचं नाव सगळ्या मोठ्या ब्राउझरच्या यादीत आहे ना आणि मागच्या दोन-चार वर्षांत त्याच्याबद्दल काय चर्चा झाली, ते बघायचं. चूक सगळ्यांची होते. चूक लपवली की लगेच सांगितली, हे महत्त्वाचं.

दुसरी, सर्टिफिकेट आपोआप नवं होतं का? हे आता फार गरजेचं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरलेल्या नियमानुसार सर्टिफिकेटची कमाल मुदत मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. हाताने करत बसलात तर कधीतरी मुदत उलटेल, आणि ऐन आमसुलांच्या हंगामात ग्राहकाला धोक्याची सूचना दिसेल.

तिसरी, शिक्का आणि वॉरंटी यांसाठी वेगळे पैसे द्यायचे नाहीत. वॉरंटी असते ती सर्टिफिकेट चुकीच्या माणसाला दिल्यामुळे झालेल्या नुकसानीची. नाशिकच्या बाईंसारख्या फसवणुकीला ती लागू नाही. बँकेला किंवा मोठ्या कंपनीला नियमांमुळे कागदपत्रं तपासलेलं सर्टिफिकेट लागू शकतं. तीन बायकांच्या दुकानाला डोमेनपुरतं, फुकट मिळणारं सर्टिफिकेट पुरतं.

चौथी, डोमेनच्या सेटिंगमध्ये 'माझ्या नावाचं सर्टिफिकेट फक्त अमुक संस्थेनेच द्यावं' अशी सीएए नावाची नोंद करता येते. ती तपासणं सप्टेंबर २०१७ पासून सगळ्या देणाऱ्यांवर बंधनकारक आहे. ती करून टाकायची.

वाचलेल्या पैशांतून आत्याने पानावर स्वतःचा फोन नंबर मोठ्या अक्षरात टाकला, तिघींचा फोटो लावला आणि जवळपासच्या ग्राहकांसाठी माल मिळाल्यावर पैसे सुरू केले. नाशिकच्या बाईंना तिने एक किलो आमसुलं आपल्याकडून पाठवली. त्या अजून मागवतात.

तुमच्या कामासाठी

सरांना मी दुसऱ्या सादरीकरणात दिलेलं उत्तर असं होतं. ग्राहकाचा विश्वास दुकानदारावर असतो, माल आणि पैशाबद्दल. ब्राउझरचा विश्वास सर्टिफिकेट देणाऱ्यावर असतो, नाव आणि किल्ली यांच्या जोडीबद्दल. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत मी दुसऱ्याचा शिक्का दाखवून पहिला मोजत होते. ती प्रश्नावली मी बाजूला ठेवली. सहा महिन्यांचं काम होतं, वाईट वाटलं, पण सर म्हणाले, "आता तुमचा विषय सुरू झाला."

तुमच्या शीर्षकातल्या मोठ्या शब्दाला हेच तीन प्रश्न विचारून बघा, आणि प्रश्नावली वाटायच्या आधी विचारा.

शेवटी एक छोटा अभ्यास. सर्टिफिकेटच्या सार्वजनिक नोंदवह्या शोधायला सीआरटी डॉट एसएच ही मोफत साइट आहे. तिथे तुमच्या विद्यापीठाच्या वेबसाइटचं नाव टाका. आजवर कोणकोणत्या संस्थांनी, कधी, किती मुदतीची सर्टिफिकेट दिली याची यादी समोर येईल. तारखा मागून पुढे वाचत जा. मुदती कशा लहान होत गेल्या, देणारे कसे बदलले, ते दिसेल. हा प्राथमिक स्रोत आहे, घरबसल्या मिळणारा. पीएचडीच्या पेटची तयारी करत असाल, तर त्यावरून एक पानभर टिपण लिहून बघा. पुढे सिनॉप्सिस लिहिताना उपयोगी पडेल.